खालच्या माणसांचा वारा

"शिंकलास तर याद राख," व्लास्तानं आपल्या धाकट्या चुलतभावाला, ओतीकला, कोपरानं ढोसलं.

ओतीकनं दोन्ही हातांनी नाक दाबलं, डोळे मिटले, गाल फुगवले आणि तरी शिंकलाच. ती शिंक तळघरात या कमानीवरून त्या कमानीवर आपटत लांबपर्यंत गेली. मातेय आजोबांच्या हातातल्या मेणबत्तीची ज्योत जरा डगमगली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

"देव भलं करो," आजोबा सवयीनं म्हणाले. मग उघड्या शवपेट्यांच्या रांगेकडे वळून त्यांनी टोपी काढली. "माफ करा हं, मंडळी. पोरगं प्लझेनहून आलंय. शहरात असंच शिकवतात."

हाव्रानोवच्या चर्चखाली हे तळघर होतं आणि त्यात अडीचशे वर्षांपूर्वी वारलेले मठातले साधू आणि गावातले मोठे लोक झोपलेले होते. कुणी त्यांना औषधं चोपडली नव्हती की मसाले भरले नव्हते. ते आपोआपच सुकले होते. कातडी जुन्या जोड्याच्या चामड्यासारखी, पण नखं जागेवर, पापण्या जागेवर, एकाच्या तर हनुवटीवरची खळीसुद्धा जागेवर. बाहेरगावचे लोक त्यांना ममी म्हणत. गावात कुणी तसं म्हणत नसे. गावात ती 'खालची माणसं' होती. त्यांतल्या कुणाची खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती, पण लेसवाली बाई, वकीलसाहेब आणि झोपाळू पाद्री यांना सगळं गाव ओळखत होतं. गावात सुट्टीला आलेल्या मुलानं आधी खाली जाऊन त्यांना नमस्कार करायचा आणि मगच घरी जाऊन खसखशीच्या गोड पावाला हात लावायचा, अशी पद्धत होती. त्या दिवसांत हाव्रानोवमध्ये तीनच रेडिओ होते आणि एकच मोटार होती, तीही बहुतेक वेळा बंद पडलेली असायची. पण असल्या पद्धती मात्र भरपूर होत्या आणि त्या मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

व्लास्ताची आजी उन्हाळ्यात विणकाम घेऊन लेसवाल्या बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसायची आणि त्यांना गावच्या बातम्या सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्यायली. आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता व्लास्ता बाराची होती आणि बातम्या सांगायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. ती लेसवाल्या बाईंच्या पेटीशी वाकली आणि तशीच थबकली.

"आजोबा, यांच्या बाहीवर हे काय आहे?"

काळ्या पडलेल्या लेसवर पांढुरका, हिरवट कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी उगवलं होतं. वकीलसाहेबांच्या कॉलरवरही तेच होतं.

"बुरशी," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पंचवीस वर्षं सांभाळतोय यांना. कधी आली नव्हती. गेल्या शरदात एक ठिपका दिसला, आणि आता हे."

"मला सुपाचा वास येतोय," ओतीक म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि त्याला जगात कुठेही गेलं तरी खाण्याचाच वास यायचा.

"गप रे."

"खरंच येतोय."

त्यांनी वर येऊन जड दार लावलं तेव्हा फादर कुबात दारातच उभे होते. गोल, घामाघूम आणि नेहमी घाईत असलेले फादर आज मात्र पाय ओढत होते. "मातेय, पत्र आलं," ते म्हणाले. "बिशपसाहेबांच्या कचेरीतले सेम्राद साहेब गुरुवारी येतायत. बुरशी पसरली असेल तर सगळ्यांना वर काढायचं, एका खड्ड्यात पुरायचं आणि तळघर विटांनी बंद करायचं. आणि बुरशी कुणाच्या हलगर्जीपणामुळे आली तेही विचारणार आहेत." त्यांनी आजोबांकडे पाहिलं नाही. "लोक म्हणतात, तू फार पाहुणे खाली नेलेस. त्यांच्या श्वासांनी झालं."

आजोबांनी किल्ली खिशात टाकली. "असेल," एवढंच ते म्हणाले.

त्या रात्री फादरांकडे जेवताना आजोबांनी ताटातला एकही घास खाल्ला नाही, आणि व्लास्ताला कळलं की गुरुवारी नुसती खालची माणसं जाणार नाहीत. आजोबांचं उरलेलं सगळं जग त्यांच्याबरोबर खड्ड्यात जाणार आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या मागच्या भिंतीवर तिघांची सभा भरली. तिसरा लुदेक. तो बेकरीवाल्याचा मुलगा, तेरा वर्षांचा, नाकावर कायम पिठाचा ठिपका. गावात त्याला ठाऊक नाही अशी गोष्ट नव्हती, आणि ठाऊक नसली तरी तो सांगायचा.

"श्वासानं बुरशी येत असती," लुदेक म्हणाला, "तर आमच्या वर्गात हेडमास्तरांच्या टेबलावर जंगल उगवलं असतं."

"मग कशानं आली?"

"पावसानं."

"पाऊस तर दरवर्षी पडतो."

"मग म्हातारपणानं. अडीचशे वर्षांनी तुलाही येईल."

"लुदेक, माझ्या आजोबांवर आलंय हे. तू जरा नीट बोल."

लुदेकनं आपला गोड पाव मोडून अर्धा तिच्या हातात दिला. लुदेकची माफी मागायची रीत तीच होती. ओतीकनं उरलेल्या अर्ध्याकडे पाहिलं, तेव्हा लुदेकनं तोही देऊन टाकला.

व्लास्ता खसखस चावत विचार करत राहिली. काहीतरी वेगळं होतं काल. बुरशीखेरीजही काहीतरी. तिनं डोळे मिटून पुन्हा एकदा त्या पायऱ्या उतरून पाहिल्या. आजोबांचा हात, मेणबत्ती, ओतीकची शिंक, ज्योत.

"मेणबत्ती," ती म्हणाली.

"काय मेणबत्ती?"

"पूर्वी आजोबा खाली मेणबत्ती न्यायचेच नाहीत. काचेचा कंदील न्यायचे. कारण मेणबत्ती टिकायची नाही. तळघरात सारखा वारा असायचा, ज्योत आडवी पडून विझायची. आजी शाल घेऊन बसायची भर उन्हाळ्यात. काल ज्योत नुसती सरळ उभी होती."

लुदेकनं भिंतीवरून खाली उडी मारली. "म्हणजे वारा बंद झालाय."

"तो वाराच त्यांना सुकं ठेवत असणार," व्लास्ता म्हणाली. "दोरीवरच्या कपड्यांसारखं."

"पण जमिनीखाली वारा येतो कुठून?" ओतीकनं विचारलं.

पहिल्यांदाच लुदेकनं उत्तर बनवून सांगितलं नाही, तो चर्चच्या भिंतीभोवती शोधायलाच निघाला.

*

चर्चच्या मागे कुणी जात नसे. तिथे माणसाच्या छातीएवढी झुडपं माजली होती आणि त्यांचं पान अंगाला लागलं की तासभर आग होई. म्हणूनच त्या झुडपांतून गेलेली पायवाट पाहून तिघं चकित झाले. अरुंद होती, पण चांगली मळलेली.

"बकऱ्यांची असेल," लुदेक म्हणाला.

"बकऱ्या लाकडी टाचांचे बूट घालतात का?" व्लास्तानं मातीतला ठसा दाखवला.

वाट भिंतीला चिकटून गेली होती. भिंतीत अगदी जमिनीलगत, पावाच्या भट्टीच्या तोंडाएवढे दगडी झरोके होते. पण एकही उघडा दिसत नव्हता. प्रत्येकावर पोतं ताणून बसवलं होतं आणि कडेनं विटा ठेवल्या होत्या.

"ओतीक, तुझा हात बारीक आहे. बघ आत काय आहे ते."

"माझाच का?"

"तूच सुपाचा वास आला म्हणालास ना. जा, सूप शोध."

ओतीकनं पोत्याच्या कडेतून हात आत घातला. चाचपडला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"व्लास्ता," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "कान आहे."

"काय?"

"माझ्या हातात कान आहे. गार आहे. मऊ आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आहे. पुष्कळ आहेत."

लुदेक दोन पावलं मागे सरकला आणि झुडपात बसला. मग लगेच उठला, कारण ती झुडपं बसण्यासारखी नव्हती. व्लास्तानं दात आवळले आणि पोतं ओढून काढलं.

आत जाळीचा ट्रे होता. ट्रेवर पातळ चिरलेल्या अळंब्या पसरल्या होत्या. तपकिरी टोपीच्या, जाड दांड्याच्या, गावात सगळ्यात मोलाच्या समजल्या जाणाऱ्या अळंब्या. वास असा सुटला की ओतीकच्या चेहऱ्यावर लगेच रंग आला.

"म्हटलं होतं ना मी," तो म्हणाला. "सूप."

जुलै सरता सरता हाव्रानोवमध्ये सगळ्यांना अळंब्यांचं वेड लागतं. सकाळी जंगलात जायचं, टोपल्या भरून आणायच्या, चिरायच्या आणि हिवाळ्यासाठी वाळवायच्या. वाळायला हवा तर सतत वारा आणि सावली. दुसऱ्या झरोक्यावर टपालाचं पोतं होतं, वर पोस्टाचा शिक्का. तिसऱ्यातला ट्रे म्हणजे शाळेतल्या खडूंच्या खोक्याचं झाकण. चौथ्यातल्या अळंब्या ज्या टॉवेलवर पसरल्या होत्या त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं क्रॉस भरलेला होता. तो क्रॉस फादरांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक टॉवेलवर होता.

"यिन्द्राबाई पोस्टातल्या," लुदेक एकेकाकडे बोट दाखवत म्हणाला. "हेडमास्तर वोंद्रा. फादरांची स्वयंपाकीण आगाताकाकू. आणि या पाचव्या ट्रेला बांधलेला पट्टा हवालदार स्कोपेकचा. अख्खं गाव आहे इथे. आमच्या घरचे सोडून. आमच्याकडे भट्टी आहे."

"आणि प्रत्येकाला वाटलं असेल, आपला एक झरोका बंद झाल्यानं काय होतंय," व्लास्ता म्हणाली. "दुसऱ्याच्या झरोक्यावर पोतं दिसलं तर वाटलं असेल, चर्चनंच लावलंय. वारा तर अडलाच, वर या ओल्या अळंब्यांचा सगळा दमट वाफारा आत गेला. त्यांच्या अंगावर."

"मी कोपऱ्यापलीकडचे बघतो," लुदेक म्हणाला.

"थांब, मी बघते."

कोपऱ्यापलीकडे एकच झरोका होता, सगळ्यात मोठा. व्लास्तानं पोतं उचललं. तिथे ट्रे नव्हता. अळंब्या दोऱ्यात ओवून माळेसारख्या टांगल्या होत्या. लाल लोकरीचा दोरा, आणि दर पाच तुकड्यांमागे एक दुहेरी गाठ. अशी गाठ गावात फक्त आजी मारायची आणि तिच्याकडून ती एकाच माणसानं शिकून घेतली होती.

व्लास्ता कितीतरी वेळ त्या गाठीकडे पाहत राहिली. मग तिनं पोतं होतं तसं लावलं.

"काय होतं?" परत आल्यावर लुदेकनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामा आहे."

*

"फादरांना सांगू या," ओतीक म्हणाला.

"आणि आगाताकाकू आपल्याला पुन्हा कधी धिरडी देईल का?" लुदेकनं विचारलं. "शिवाय मोठ्या माणसांना तुम्ही चुकलात म्हणून सांगितलं की ती आधी आपले कान धरतात. हवालदार म्हणेल, माझा पट्टा चोरीला गेला होता."

"आपणच काढून टाकल्या तर?"

"तर परवा नव्या येतील. त्यांनी आपल्या हातांनी काढायला हव्यात."

व्लास्ताचं लक्षच नव्हतं. पण लुदेकच्या नाकावरच्या पिठाकडे पाहता पाहता तिला एकदम सुचलं. "लुदेक, सकाळी तुमच्या दुकानात कोण कोण येतं?"

"सगळे."

"आणि तू त्यांना एखादी गोष्ट सांगून 'कुणाला सांगू नका' म्हणालास तर?"

लुदेकचा चेहरा उजळला. "दुपारपर्यंत पलीकडच्या गावातसुद्धा पोचते."

बुधवारी सकाळी बेकरीत पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या कानाशी लागून लुदेकनं सांगितलं की सेम्राद साहेब बुरशी मारायला पोतंभर गंधक आणतायत आणि उद्या सकाळी झरोक्यांतून त्याचा धूर सोडणार आहेत. आत जे असेल त्याला महिनाभर कुजक्या अंड्यांचा वास येणार. "पण कुणाला बोलू नका हं," तो दरवेळी म्हणाला, "फादरांनी मला विश्वासानं सांगितलंय."

दुपारी जेवणं झाल्यावर गाव झोपलं. निदान झोपल्यासारखं दिसत होतं. तिघं चर्चमागच्या अक्रोडाच्या झाडावर चढून बसले.

पहिल्यांदा यिन्द्राबाई आल्या. डोक्यावर छत्री, हातात भली मोठी पिशवी. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि वाकून टपालाचं पोतं ओढलं. तेवढ्यात पायवाटेवर शिट्टी ऐकू आली. हेडमास्तर वोंद्रा येत होते.

"यिन्द्राबाई? तुम्ही इथे?"

"मी जरा हवा खायला आले होते, हेडमास्तर."

"या झुडपांत?"

"आणि तुम्ही?"

"मी वनस्पतींचा अभ्यास करतोय."

"एवढी मोठी टोपली घेऊन?"

हेडमास्तर काही बोलणार तोच मागून दरडावणी आली. "कोण आहे तिथे? हात वर करा." दोघांनी हात वर केले. झुडपं बाजूला सारत हवालदार स्कोपेक पुढे आला. त्याचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर नव्हतं. काखेत रिकामं, उलटं धरलं होतं, आणि ते कशात भरण्यासाठी होतं हे कुणीही सांगितलं असतं.

तिघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. अशा वेळी काय बोलायचं हे हाव्रानोवमध्ये कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

शेवटी आगाताकाकू आली. ती कुणाकडे बघून लाजणारी नव्हती. "सरका बाजूला," ती म्हणाली. "मला माझ्या काढायच्या आहेत. आणि हेडमास्तर, तुमच्या टोपलीतला तो मोठा तुकडा माझ्या टॉवेलवरचा आहे. गुपचूप परत टाका."

"हा माझा आहे, आगाता. मी स्वतः शोधलाय."

"तुम्हाला शाळेत चष्मा सापडत नाही आणि जंगलात अळंबी सापडते होय?"

झाडावर ओतीक हसायला लागला. लुदेकनं आपली टोपी काढून त्याच्या तोंडात कोंबली.

अर्ध्या घटकेत झरोके रिकामे झाले, पोती गेली, विटा गेल्या, चौघं चार दिशांना पांगले. लुदेक खाली उतरला आणि त्यानं एका झरोक्यासमोर वाळकं पान धरलं. पान थरथरलं, पण आत ओढलं गेलं नाही.

"अजून ओढ नाही," तो गोंधळून म्हणाला. "का बरं?"

व्लास्ताला ठाऊक होतं का ते. कोपऱ्यापलीकडचा सगळ्यात मोठा झरोका अजून बंद होता. मातेय आजोबा आज पाव घ्यायला गेलेच नव्हते.

*

ती माळ ती स्वतःच काढू शकली असती. दोन मिनिटांचं काम होतं, आणि पुढे जन्मभर कुणालाही कळलं नसतं. घराकडे जाताना तिनं तीनदा तसं ठरवलं आणि तीनदा तिचे पाय घराकडेच चालत राहिले.

आजोबा ओट्यावर बसून तळघराची किल्ली तेलाच्या फडक्यानं पुसत होते. ती आधीच लखलखत होती.

"आजोबा, तुम्ही अळंब्या कुठे वाळवता हल्ली?"

आजोबांनी मान वर केली नाही. "चर्चमागे. झरोक्यात. का गं?"

"घरी का नाही?"

"घरी चूल कुठे पेटते आता. फादरांकडे जेवतो मी. तुझी आजी चुलीवर दोऱ्या बांधायची. ती गेल्यावर मी एकदा पेटवून पाहिली. घरभर तिच्या स्वयंपाकासारखा वास आला आणि ती तर नव्हती." त्यांनी फडकं घडी घातलं. "म्हणून मग झरोक्यात लावल्या. वारा चांगला असतो तिथे. झाकायला पोतं घातलं, मांजरं येऊ नयेत म्हणून."

व्लास्ता त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ज्योतीचं, पोत्यांचं, टपालाच्या शिक्क्याचं, पानाचं. ती बोलत होती तसे आजोबांचे हात गुडघ्यांवर पडून राहिले.

"म्हणजे मी केलं," ते म्हणाले.

"सगळ्यांनी केलं."

"सगळ्यांनी मला बघून केलं. राखणदारच लावतोय म्हटल्यावर कोण कशाला विचार करेल?"

"आजोबा, मी माळ काढून आणते. कुणाला कळणार नाही. लुदेकलाही मी सांगितलेलं नाही."

आजोबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताला तेलाचा वास येत होता. "तुला कळलंय ना," ते म्हणाले. "मग झालं. आता मला लपवता येणार नाही. चल, दोघं मिळून काढू."

त्यांनी माळ उतरवली तेव्हा झरोक्यानं मोठा श्वास घेतला. खरंच घेतला. व्लास्ताचा झगा गुडघ्यांना चिकटला आणि पायाखालचा वाळका पाचोळा सरसरत आत गेला.

*

गुरुवारी सेम्राद साहेब आले. उंच, बारीक, काळ्या कोटातले. त्यांना पाहायला चर्चसमोर गाव जमलं होतं आणि सगळे नाकावर रुमाल धरून उभे होते.

"यांना काय झालंय?" साहेबांनी फादरांना विचारलं.

"गंधकाच्या धुराची तयारी, साहेब," हवालदार रुमालाआडून म्हणाला.

"कसला गंधक? मी गंधक कशाला आणू?"

सगळ्या माना लुदेककडे वळल्या. लुदेक आकाशातले ढग फार बारकाईनं पाहू लागला.

साहेब खाली उतरले. फादर, आजोबा आणि पुढे कंदील न घेता मेणबत्ती घेतलेली व्लास्ता. मागोमाग जेवढे मावले तेवढे गावकरी. शेवटच्या पायरीवर ज्योत एकदम आडवी झाली आणि विझली. व्लास्तानं पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. तळघरात थंडगार, कोरडा वारा वाहत होता आणि लेसवाल्या बाईंच्या टोपीची झालर हलकेच उडत होती.

"फादर, तुम्ही लिहिलं होतं इथे हवा कोंदट आहे," साहेब म्हणाले.

"होती," आजोबा म्हणाले. त्यांनी टोपी काढली. "कालपर्यंत होती, साहेब. मी वाऱ्याचा झरोका बंद केला होता. अळंब्या वाळवायला. बुरशी माझ्यामुळे आली. यांना पुरायचं असेल तर दोष माझा लिहा, पाहुण्यांचा नको. पण माझं म्हणणं, यांना पुरू नका. हे काही चुकले नाहीत."

व्लास्तानं आजोबांचा कोट घट्ट धरला.

"एका झरोक्यानं एवढं होणार नाही," साहेब म्हणाले.

"दुसरा माझा होता," मागून यिन्द्राबाई म्हणाल्या.

"तिसरा शाळेचा. म्हणजे माझा," हेडमास्तरांनी घसा खाकरला.

"एक कायद्याचासुद्धा होता," हवालदार पुटपुटला.

आगाताकाकूनं फादरांकडे पाहिलं. "असे बघू नका. रविवारचं सूप तीनदा वाढून घेता तेव्हा विचारलं होतं का, अळंब्या कुठे वाळवतेस म्हणून?"

फादर कुबात लालबुंद झाले. सेम्राद साहेबांनी तोंडावर हात धरला, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांना दिसलं. मग ते वाकले आणि त्यांनी लेसवाल्या बाईंच्या बाहीवरची बुरशी आजोबांच्या हातातल्या कंदिलाच्या उजेडात बराच वेळ पाहिली. बोटानं हलकेच टिचकी मारली. पांढरी भुकटी उडून वाऱ्याबरोबर गेली.

"वरवरची आहे," ते म्हणाले. "वारा राहिला तर सुकून जाईल. मऊ कुंचल्यानं झाडायची, पाणी लावायचं नाही. झरोक्यांना जाळ्या बसवा. मी वसंतात पुन्हा येईन, आणि तोवर ही मंडळी आहेत तिथेच राहतील." ते आजोबांकडे वळले. "आणि राखणदारही. ज्याला आपली चूक सांगता येते तो मला इथे हवा. पण वारा बंद झालाय हे ओळखलं कुणी?"

आजोबांनी व्लास्ताला पुढे केलं. व्लास्तानं लुदेकला ओढलं. लुदेकनं ओतीकला.

"कान मी शोधले," ओतीक म्हणाला.

साहेबांनी तिघांशी एकेक करून हात मिळवला, मोठ्या माणसांशी मिळवतात तसा. "तुमच्या वयात मी असल्या तळघरात आलो असतो तर भुतं शोधत बसलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही वारा शोधलात. फादर, या मुलांचं नाव रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर घ्या." हेडमास्तरांनी लुदेकच्या पाठीवर थाप मारली आणि गंधकाबद्दल त्याला एकही शब्द बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही फार मोठी गोष्ट होती.

वर उन्हात आल्यावर साहेब जरा घुटमळले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "एवढ्या जाड दांड्याच्या अळंब्या तुम्हाला मिळतात तरी कुठे?"

यिन्द्राबाई छत्री उघडू लागल्या. हेडमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. हवालदाराला एकदम ड्यूटी आठवली. हाव्रानोवमध्ये माणूस आपल्या चुका चारचौघांत सांगेल, पण अळंब्यांची जागा सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

"बरोबर आहे," साहेब गाडीत चढता चढता हसले. "मीही सांगितली नसती."

*

शुक्रवारी पहाट फुटायच्या सुमाराला आजोबांनी व्लास्ताला हलवून उठवलं. "बूट घाल. बोलू नकोस."

"ओतीक?"

"त्याला झोपू दे. त्याला अजून तोंड मिटून राहता येत नाही."

ती दोघं गिरणीमागून निघाली, ओढा ओलांडला, पुन्हा ओलांडला, मग आजोबांनी मागे वळून कुणी येत नाही ना ते पाहिलं आणि तिसऱ्यांदाही ओलांडला. जंगलात धुकं होतं. पडलेल्या एका बीचच्या झाडापाशी आजोबा थांबले आणि त्यांनी काठीनं शेवाळ जरा बाजूला केलं. तपकिरी टोप्या जमिनीतून वर डोकावत होत्या, इकडे, तिकडे, त्या खोडाच्या पलीकडेही.

"ही तुझ्या आजीची जागा," ते म्हणाले. "लग्नानंतर सहा वर्षांनी दाखवली तिनं मला. त्याआधी माझ्यावर भरवसा नव्हता तिचा."

"आणि मला आताच?"

आजोबांनी खिशातला चाकू काढला, मूठ तिच्याकडे करून धरला आणि स्वतः खोडावर बसले.

व्लास्ता आज स्वतः आजी झाली आहे. त्या उन्हाळ्यानंतर हाव्रानोवमध्ये पुष्कळ काही बदललं, रेडिओ घरोघरी आले, बेकरी गेली, लुदेक दूरच्या शहरात राहायला गेला आणि तिथूनही तो दरवर्षी पत्रातून अळंब्यांच्या त्या जागेबद्दल विचारत राहिला. त्यानं किती आडून आडून विचारलं तरी तिनं त्याला आजवर सांगितलेलं नाही की ओढा नेमका कुठे ओलांडायचा.